लहानग्याला ब्लड कॅन्सर निघाला, आता घर कसं चालवायचं

आमच्या धाकटीला ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा ती चार वर्षांची होती आणि बागेत ऑक्टोबर छाटणी चालू होती. आमच्या सांगलीकडच्या पलूस तालुक्यात ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना छाटणीचं वेगळं सांगायला नको. ती चुकली की वर्ष गेलं. आणि डॉक्टर म्हणत होते, उद्याच्या उद्या मुंबईला न्या.

आता ती दुसरीत आहे. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी ओळखीतून फोन येतो. पलीकडे आधी थोडा वेळ कुणी बोलतच नाही. मग, "ताई, आमच्या पोराला पण तेच निघालंय." त्या फोनवर मी जे सांगते तेच इथं लिहून काढतेय. आमच्या मुलीचा प्रकार एएलएल (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), म्हणजे लहान मुलांत सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर. औषधपाण्याचं लिहिलंय ते त्यापुरतंच धरा, आणि तुमचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. घराचं जे लिहिलंय ते मात्र थॅलेसेमिया असो की किडनीचं दुखणं, बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण मला ती दहा महिने उशिरा कळली. आजाराचा सगळा कारभार बघता बघता आईच्या डोक्यात जाऊन बसतो. गोळी किती, पुढची तारीख कोणती, मागचे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) किती होते, सगळं मला पाठ होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही होता. दहाव्या महिन्यात मलाच टायफॉइड झाला. मी वेगळ्या खोलीत. रात्री साडेनऊला आमचे हे, गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन दारात उभे: "अर्धी का एक?" सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार अर्धी, एवढंच सांगायचं होतं. तापाच्या ग्लानीत मला ते सांगता येईना. जाऊबाईंनी जुनी चिठ्ठी शोधून काढली म्हणून गोळी चुकली नाही. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. खाली ठिकठिकाणी तिचा उल्लेख येईल.

पहिला आठवडा: उपचार आणि कागद

पहिल्या आठवड्यात ही दोनच कामं. बाकी सगळं नंतर.

सांगली-मिरजेला दवाखान्यांची कमी नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून पार कर्नाटकातली माणसं औषधपाण्याला इथं येतात. त्यामुळं होतं काय, की आपल्या प्रत्येक नातेवाइकाच्या ओळखीचा एक डॉक्टर असतो आणि प्रत्येक जण वेगळीकडं जायला सांगतो. यात आठ-पंधरा दिवस घालवू नका. फक्त एक बघा: लहान मुलांच्या कॅन्सरचे तज्ज्ञ पाहिजेत. मोठ्यांच्या कॅन्सरचे नव्हेत. दुसरं मत घ्यायचं असेल तर फाईल घेऊन दोन-तीन दिवसांत घ्या आणि विषय संपवा. आम्हाला इथल्या डॉक्टरांनी परळच्या टाटा मेमोरियलला पाठवलं. ते १९४१ पासूनचं हॉस्पिटल. तिथल्या गर्दीनं घाबरायला होतं, पण त्या गर्दीत आपल्या पोरासारखी शंभर पोरं दिसतात, आणि त्यातली बरीचशी खेळत असतात.

सांगलीहून जायला रात्रीची महालक्ष्मी आणि दिवसाची कोयना, दोन्ही दादरला थांबतात. कॅन्सरच्या उपचाराला जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलातून भरून, सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो. पहिल्या फेरीला तो हातात नसतो, दुसऱ्या फेरीपासून विसरू नका. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे, आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

कागदांत रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, मुलाचा जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला. प्रत्येकाच्या दहा झेरॉक्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आमच्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळायचे, आता ती मर्यादा ५ लाखांची आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. पोराला दाखल करतानाच त्याला गाठा, बिल झाल्यावर गाठून उपयोग नसतो. लहान मुलांचं नाव पुष्कळदा रेशनकार्डावर चढलेलंच नसतं. आमचंही नव्हतं. घरी राहिलेल्या माणसानं त्याच आठवड्यात तहसीलला जाऊन ते काम उरकावं. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज, ट्रस्टांची मदत, सगळ्याची वाट तिथूनच जाते. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हेही लक्षात असू द्या. कुणी आपणहून सांगत नाही. विचारायची लाज वाटते, मलाही वाटली. दोनदा विचारलं की जाते.

आणि पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना बसवून एक गोष्ट सांगा. साधारण महिन्याभरानं बोन मॅरो (हाडातला मगज) तपासतात आणि बहुतेक मुलांच्या रिपोर्टात आजाराच्या पेशी दिसेनाशा झालेल्या असतात. पोर हसायला-खेळायला लागतं. तेव्हा कुणीतरी म्हणणारच, "बरी झाली की, आता कशाला आणखी दोन वर्षं विष घालताय?" आजार तेव्हा दिसत नसतो, गेलेला नसतो. उपचार अर्ध्यात सोडला की तो उलटतो, आणि उलटलेला आवरणं फार अवघड. एएलएल पूर्ण उपचारानं बहुतांश मुलांत बरा होतो, पण त्यात वजन 'पूर्ण' या शब्दावर आहे. दोन-अडीच वर्षं धरूनच चाला.

मुंबईतले महिने

राहायचा प्रश्न मोठा. सेंट ज्यूड ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांना आई-वडिलांसह मोफत राहायला खोली देते, २००६ पासून. जागा हॉस्पिटलच्या शिफारशीनंच मिळते, त्यामुळं डॉक्टरांना आणि समाजसेवा विभागाला पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. नातेवाइकांकडं राहायचं तर आधी बघा, घरात लहान शाळकरी पोरं किती आणि सर्दी-खोकला किती.

कोण जाणार, कोण राहणार, हे नवरा-बायकोनं दोघांतच ठरवावं आणि मग सगळ्यांना कळवावं. आमच्यात मी आणि माझा भाऊ मुंबईत, आणि हे बागेत. पंधरा दिवसांनी एकदा येऊन जायचे. गावात लोक म्हणालेच, "पोरगी तिकडं आणि बाप बाग धरून बसलाय." छाटणी झाली, मग पाऊस लागला, द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या भीतीनं हे रात्री-अपरात्री फवारणी करत होते. ती बाग होती म्हणून पुढची दोन वर्षं गाडीभाडं निघालं. पण हे मला आत्ता शांतपणे लिहिता येतंय. तेव्हा मीही फोनवर बोलायचं ते बोलले होते.

नातेवाइकांच्या फोनचं एक करा. बातमी सांगणारा एकच माणूस ठरवा. आमच्यात धाकटे भावोजी रोज रात्री आठला घरच्या ग्रुपवर चार ओळी टाकायचे, आणि मला कुणी फोन करायचा नाही असा त्यांनीच दंडक घातला. चार जणी रागावल्या. रागावू द्या.

पहिल्या महिन्यात स्टिरॉइड असतं. त्या दिवसांत पोर ओळखू येत नाही. चेहरा फुगतो, भूक सुटते, चिडचिड तर विचारू नका. रात्री दोनला "मला आत्ताच्या आत्ता पोहे पाहिजेत", आणि पोहे समोर ठेवले की ताट भिरकावणार. आपल्या वळणाचा हा दोष नाही, ते औषध आहे, उतरतं. मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून घ्या. एका इंजेक्शनानं पोट घट्ट होतं, त्याचं औषध पहिल्याच दिवशी मागा. एकानं लघवी लाल होते. आधी कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या काळजाचं पाणी झालं होतं.

वही

आता वहीचं, जरा सविस्तर.

पहिल्या पानावर मुलाचं नाव, वजन, रक्तगट, आजाराचं नाव, हॉस्पिटलचा फाईल नंबर, मुंबईच्या आणि इथल्या डॉक्टरांचे नंबर. त्याखाली लाल पेनानं: कमरेत किंवा दंडात इंजेक्शन द्यायचं नाही. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन द्यायची नाही. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही, एनिमा नाही. हे गावातल्या डॉक्टरांसाठी. आपल्याकडं ताप म्हटलं की एक सुई टोचायची पद्धत आहे. प्लेटलेट कमी असताना तीच सुई महागात पडते.

मग रोजचं पान. तारीख, गोळी, किती, किती वाजता, आणि देणाऱ्याची सही. सही यासाठी की 'तू दिलीस का मी दिली' हा घोळ होऊन गोळी दोनदा जाऊ नये. डाव्या बाजूला काउंटचा तक्ता: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, एएनसी, प्लेटलेट. एएनसी हा शब्द कुणीच समजावून सांगत नाही. जंतूंशी पहिली झुंज घेणाऱ्या पेशींचा तो आकडा. ५०० च्या खाली गेला की पोर जवळजवळ उघड्यावर आहे असं समजायचं. मधल्या एका पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सुचतील तसे. ओपीडीत डॉक्टरांसमोर बसलं की सगळं विसरायला होतं. शेवटच्या पानावरून उलटा पैशाचा हिशेब.

आमच्या सासूबाईंना वाचता येत नाही. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर, जिथं आधी दुधाचा हिशेब मांडायचो त्याच चौकटींत, पूर्ण गोळीच्या दिवशी लाल टिकली आणि अर्धीच्या दिवशी अर्धी कापलेली टिकली चिकटवली. माझ्याच टिकल्यांचं पाकीट. "आत्या, अर्धी टिकली म्हणजे अर्धी गोळी." त्या म्हणाल्या, "एवढंच व्हय? मग इतके महिने मला का लावून ठिवलंस बाजूला?" मला उत्तर नव्हतं. त्यांच्या आठवड्यात कधीच चूक झाली नाही. माझ्या झाली, एकदा.

गोळी हाताळायचे नियमही वहीत लिहा. केमोची गोळी हातमोजे घालून तोडायची, तोडलेल्या जागी स्वयंपाक नाही, पूड उडवायची नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं गोळीला हात लावायचा नाही, आणि केमोनंतर दोन दिवस पोराची उलटी-लघवीही तिनं काढायची नाही. बाकीच्यांनी हातमोजे घालून काढायची.

वही झाली की तिची परीक्षा घ्या. महिन्यातून एक दिवस पोराला घरच्यांवर सोपवून बाहेर राहा आणि फोन करू नका. मी विट्याला माहेरी गेले. पहिल्या वेळी रात्रभर झोप नाही. परत आले तर चूल भांड्यांनी भरलेली, पोरीच्या अंगात उलटा फ्रॉक, आणि वहीत सगळ्या सह्या जागच्या जागी.

ताप

यात चूक करायला जागा नाही. केमोवर असलेल्या मुलाला ताप आला तर तो साधा ताप नव्हे. आमच्या डॉक्टरांनी १००.४ हा आकडा दिला होता. तुमच्या डॉक्टरांना त्यांचा आकडा विचारा आणि दारामागं मोठ्या अक्षरांत चिकटवा. तो आकडा दिसला की निघायचं. रात्री दोन असोत, लग्न असो, पाऊस असो. 'आधी क्रोसिन देऊन बघू' हे नाही, कारण ताप दबतो आणि आतलं दुखणं वाढत राहतं. पहिली अँटिबायोटिक शक्यतो पोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला पाहिजे.

आमच्या गावापासून मिरज तासभर. म्हणून पिशवी भरून कायम दारामागं: फाईल, वहीची झेरॉक्स, दोन जोड कपडे, चादर, चार्जर, पाच हजार रोख, बिस्किटाचा बंद पुडा, मास्क, तिचा एक मळका ससा. गावातल्या गाडीवाल्या दोघांची नावं वहीत, "रात्री कधीही उठवा" असं त्यांच्याकडून वदवून घेतलेलं. नाहीतर १०८.

एकदा एका दवाखान्यात आम्हाला केसपेपरच्या रांगेत दीड तास बसवलं. पोरगी मांडीवर तापलेली आणि खिडकीवरचा माणूस आधारकार्डाची मागची बाजू मागतोय. त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर पत्रच घेतलं: ही मुलगी केमोवर आहे, ताप आल्यास ताबडतोब रक्ताचं कल्चर घेऊन अमुक अँटिबायोटिक सुरू करावी. लॅमिनेशन करून पिशवीत. दारात पाऊल टाकल्या टाकल्या ते पुढं करायचं आणि म्हणायचं, "केमोचं पेशंट आहे, ताप आहे, काउंट कमी असतील." कॅज्युअल्टीत माणसं हलतात. रडून हलत नाहीत, हेही शिकले. जवळचं कोणतं हॉस्पिटल अशा वेळी घेईल, हे मुंबईहून परत येण्याआधीच डॉक्टरांना विचारून पक्कं करा, आणि पोर धडधाकट असताना एकदा तिथं जाऊन ओळख करून या.

ताप नसतानाही निघायची कारणं: अंगावर लालसर बारीक ठिपके, नाकातून न थांबणारं रक्त, धाप, थंडी वाजून थरथर, पोर उठवूनही नीट जागं न होणं.

शाळेत किंवा शेजारी कांजिण्या वा गोवर निघाला आणि आपलं पोर तिथं खेळून आलं असेल तर अंगावर काही उठायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. केमो चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी मुलाला देत नाहीत. घरात दुसरं बाळ असेल तर त्याच्या पोलिओच्या तोंडावाटेच्या डोसाबद्दलही आधी विचारा. पोलिओच्या रविवारी ताई दारात आल्या की आपण सवयीनं बाळ पुढं करतो.

रक्तदात्यांचं वहीतलं पान माझ्या मते पैशाच्या पानापेक्षा मोलाचं. प्लेटलेट जास्तीत जास्त पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. लागल्या की त्या दिवशी माणूस पाहिजे. आमच्या गावातल्या गणेश मंडळाच्या आणि तालमीतल्या पोरांची रक्तगटासह यादी भावोजींनी केली. एकाच माणसाकडून मशीनवर प्लेटलेट काढून घेतात त्याला एसडीपी म्हणतात, दीड-दोन तास लागतात, त्यामुळं येणाऱ्याला आधीच सांगा. एक पैलवान सुई बघून चक्कर येऊन पडला होता. पुढच्या खेपेला तोच सगळ्यांत आधी हजर.

स्वयंपाकघर, गोठा, पाहुणे

खाण्याचं फार अवघड करू नका. ताजं शिजवलेलं, गरम, उकळून गार केलेलं पाणी. काउंट कमी असताना कच्चं नाही, कापून ठेवलेलं नाही, बाहेरचं नाही. भेळ, उसाचा रस, बर्फाचा गोळा, सगळं बंद. फळ सोलून खायचं, केळं-मोसंबी चालतं. द्राक्ष सोलता येत नाही. द्राक्षाच्या गावात राहून आम्ही पोरीला दोन हंगाम द्राक्ष दिलं नाही, बेदाणा खिरीत शिजवून दिला. बागेतून, विशेषतः फवारणीवरून आलेल्या माणसानं कपडे बाहेर काढून आंघोळ केल्याशिवाय पोराला उचलायचं नाही. गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याकडं पोर नको. घरात पाडापाडी किंवा जुन्या भिंतीचं खरवडणं चालू असेल तर काही दिवस दुसरीकडं राहा. त्या धुळीतली बुरशी या मुलांना बाधते.

पाहुणे. आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जाणं हा धर्म आहे, आणि रिकाम्या हातानं कुणी येत नाही. चप्पल बाहेर, हात साबणानं, मास्क, पोराचा पापा घ्यायचा नाही, सर्दीवाल्यानं अंगणातूनच. हे आईनं सांगितलं की ती शिष्ट ठरते, घरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं की मान मिळतो. आमच्या सासऱ्यांना दारात खुर्ची टाकून बसवलं. त्यांना काम मिळालं, मला शांतता.

काढे, गोमूत्र, कुणाच्या तरी वैदूची पुडी, हे येतंच. भांडू नका, "डॉक्टरांना विचारून देते" म्हणून ठेवून घ्या आणि देऊ नका. केमोचा ताण आधीच लिव्हरवर असतो, त्यात हे काय करेल सांगता येत नाही. देवाधर्माचं मात्र मी कधी अडवलं नाही. सासूबाईंनी औदुंबरला दत्ताला नवस बोलला होता. गर्दीत पोरीला न्यायचं नाही एवढंच ठरलं. त्या एकट्या जायच्या, अंगारा आणायच्या. कपाळाला लावायचा, पाण्यात घालून पाजायचा नाही. प्रसाद मोठ्यांनी खायचा.

थोरला

थोरला तेव्हा नऊ वर्षांचा. आम्ही त्याला आत्याकडं ठेवला आणि विसरलो. विसरलो हाच शब्द बरोबर आहे. चार महिन्यांनी त्याच्या बाईंचा फोन आला की तो रोज पोट दुखतंय म्हणून बाकावर डोकं टेकून बसतो. त्याला वाटत होतं, बहिणीला त्यानं ढकललं होतं म्हणून हे झालं. नऊ वर्षांच्या पोरानं चार महिने हे पोटात ठेवलं होतं.

त्याला त्याच दिवशी सांगा: तुझ्यामुळं झालेलं नाही, तुला लागणार नाही, आणि ती बरी व्हायला वेळ लागणार आहे. आठवड्यातले दोन तास नुसते त्याचे ठेवा, आजाराचा विषयही नको. ह्यांनी त्याला रविवारी हरिपूरला संगमावर न्यायला सुरुवात केली. येताना भडंग, फक्त दोघांनी खायचं, घरी आणायचं नाही. शिवाय त्याला एक खरं काम दिलं, थर्मामीटरचं. रोज संध्याकाळी तोच ताप मोजायचा, वहीत लिहायचा आणि सही करायचा. सही दर आठवड्याला बदलायची.

पोराला काय सांगायचं

खरं, पण त्याच्या मापाचं. "तुझ्या रक्तात खराब पेशी झाल्यात, त्या काढायला औषध आहे. सुई दुखेल, मी इथंच आहे." दुखणार नाही असं एकदाही म्हणू नका. एकदा खोटं पडलात की पुढच्या प्रत्येक सुईला चौघांनी धरावं लागतं. सुईच्या वेळी कोणता हात, कोणतं गाणं, हे तिला ठरवू द्या. केस गेले तेव्हा आम्ही जावळ काढल्यागत घरीच काढून टाकले, थोरल्यानंही आपले काढून घेतले. लाडापायी शिस्त मात्र पूर्ण सोडू नका. आम्ही सोडली आणि मग सहा महिने निस्तरत बसलो.

शाळा काउंट आणि डॉक्टर परवानगी देतील तशी. बाईंना आधी भेटून तीन गोष्टी सांगा: ताप आला तर लगेच फोन, वर्गात कांजिण्या-गोवर निघाला तर लगेच फोन, आणि हा आजार दुसऱ्या पोरांना लागत नाही. तिसरी पालकांसाठी असते.

पूर

नदीकाठच्या माणसांना हे वेगळं सांगायला पाहिजे, कारण मुंबईचे डॉक्टर सांगणार नाहीत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आपण पाणी अंगणात येईपर्यंत थांबतो, पण पोर केमोवर असताना प्रश्न पाण्याचा नसतो, रस्त्याचा असतो. मध्यरात्री ताप आला आणि रस्ता बंद असला तर? आम्ही कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पातळी ३५ ला टेकली की पोरीला, मला आणि पिशवीला मिरजेत मावसबहिणीकडं हलवायचो. दोनदा हलवलं, दोन्ही वेळा पाणी आलं नाही, लोक हसले. औषधं पंधरा दिवसांची जास्तीची ठेवा, कागदांचे फोटो दोन वेगवेगळ्या फोनमध्ये ठेवा. पूर ओसरल्यावर घर धुऊन, वाळून कोरडं ठाक होईपर्यंत पोराला परत आणू नका.

तुमचं दोघांचं

थोडक्यात. एक जण घाबरट आणि एक जण दगड, अशी वाटणी आपोआप होते, आणि दगडाला कुणी विचारत नाही. ह्यांना मी एकदाच रडताना पाहिलं, बागेतल्या पंपाच्या खोलीत, उपचार सुरू होऊन वर्ष झाल्यावर. झोप येत नाही, जेवण जात नाही, नको नको ते विचार येतात, असं पंधरा दिवसांपेक्षा जास्त चाललं तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते. मी गेले होते. गोळ्या घेतल्या, सहा महिने. गावात कुणाला सांगितलं नाही, इथं लिहितेय.

उपचार संपल्यावर

शेवटची गोळी झाली त्या दिवशी पेढे वाटले आणि रात्री मला धडकी भरली. आजवर रोज काहीतरी करत होतो, आता नुसतं बसायचं. असं होतं, बहुतेक आयांना होतं. तपासण्या चालू राहतात, आधी दर महिन्याला, मग अंतर वाढत जातं. राहिलेल्या लसी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा सुरू करायच्या, जिवंत लसी साधारण सहा महिन्यांनंतर. फाईल फेकू नका, पोर मोठं झाल्यावर कोणती औषधं किती दिली हे त्याला कुठल्या तरी डॉक्टरला सांगावं लागेल. आमच्या तीन वह्या झाल्या. तिसरी अर्धी कोरी आहे, त्यात ती आता पाढे लिहिते.

थर्मामीटर अजून थोरल्याच्या ताब्यात आहे. तुम्ही आणाल तेव्हा डिजिटल आणा, दोन आणा, आणि सेल अधूनमधून तपासा. नेमका रात्री दोनला संपतो.